मानेतली नयी

वैशाखात गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळलेला माणूस वऱ्हाडात कुणाच्या डोळ्यांत येत नाही. पण सकाळच्या गाडीला ऊन कुठलं? शेगाव स्टेशनवर चढलेले ते काका खिडकीशी बसले, दुपट्टा थोडा सैल केला, तेव्हा उजव्या बाजूला मानेच्या मुळाशी पांढरी पट्टी दिसली. पट्टीतून दोन आखूड नळ्या बाहेर आलेल्या. एकीला लाल टोपण, दुसरीला निळं.

“काय झालं काका?”

“नयी टाकली मानेत. किडनीची.”

वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा तो डोया, नळी ती नयी. हीच नळी डॉक्टरांच्या कागदावर सेंट्रल व्हिनस कॅथेटर असते, आयसीयूतल्या सिस्टरच्या तोंडी सेंट्रल लाइन आणि डायलिसिसच्या खोलीत नुसतं ‘ज्युगुलर’. काका आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अकोल्याला जात होते. नळी टाकून दीड महिना झाला होता. हाताचं ऑपरेशनही झालं होतं. “पन हात अजून पिकला नाई म्हनते डॉक्टर. तोवर हे गयात वागवा.” पुढे स्वतःच म्हणाले, “लवकर काऊन नाई आले म्हनून लई बोलले मले. आता पायाले सूज आल्याबिगर दवाखान्यात कोन जाते, सांगा तुमी!”

गाडी नागझरी सोडून पुढे निघाली होती. पारसच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या. मी त्या दोन टोपणांकडे पाहत होतो. तिथून हृदय जेमतेम वीतभर लांब. बसल्या जागी, डब्यात, धुळीत, शेंगदाण्यांच्या टरफलांत, एक माणूस आपल्या हृदयाच्या उंबरठ्यापर्यंत जाणारी वाट गळ्याला बांधून प्रवास करत होता.

ही वाट लागते कशाला? हाताच्या शिरेत सुई घालता येतेच की. सलाइन लावायला ती पुरतेही. अडचण प्रवाहाची आहे. डायलिसिसच्या यंत्राला मिनिटाला दोनशे-तीनशे मिलिलिटर रक्त लागतं. मनगटावरच्या शिरेतून इतकं रक्त ओढायला गेलात, तर बर्फाचा गोळा चोखताना कागदी नळी चिकटते तशी ती शीर चिकटते. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये मिनिटाला अडीचशेच्या हिशेबाने साठ लिटर रक्त यंत्रातून जातं. अंगात रक्त असतं पाचेक लिटर. म्हणजे सगळं रक्त बारा वेळा बाहेर जाऊन परत येतं. एवढी उलाढाल झेलणारी शीर शरीरात खोलवरच सापडते. डोकं, मान आणि दोन्ही हातांचं रक्त गोळा करून हृदयाच्या उजव्या कप्प्यात सोडणारी ऊर्ध्व महाशीर ही त्यातली एक. प्रौढ माणसात तिच्यातून मिनिटाला दोन लिटरच्या आसपास रक्त वाहतं.

काकांच्या गळ्यातली नळी बाहेरून दोन वाटते, आत ती एकच असते. मधोमध पडदा असलेल्या बोगद्यासारखी. लाल बाजूने रक्त यंत्राकडे जातं, निळ्या बाजूने धुऊन परत येतं. दोन्ही बाजूंची आतली तोंडं मुद्दाम पुढेमागे ठेवलेली असतात, नाहीतर नुकतं धुतलेलं रक्तच पुन्हा यंत्राकडे ओढलं जाईल. जाडी बारा फ्रेंच. ‘फ्रेंच’ हे माप पॅरिसच्या शारिएर नावाच्या उपकरण बनवणाऱ्या कारागिराचं. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, म्हणून बारा फ्रेंच म्हणजे चार मिलिमीटर. चार मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. गळ्यात वाटत नाही.

डायलिसिस हा या नळीचा एक उपयोग झाला. आयसीयूत सात फ्रेंचची, तीन वाटांची बारीक नळी टाकतात ती औषधांसाठी. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळला की नॉरअ‍ॅड्रिनलिन द्यावं लागतं. ते हाताच्या शिरेतून बाहेर झिरपलं तर आजूबाजूची कातडी काळी पडून मरू शकते. तीव्र पोटॅशियमने शीर भाजल्यासारखी दुखते. केमोथेरपीची काही औषधं तर बारीक शिरा कायमच्या आवळून टाकतात. महाशिरेत मात्र तेच औषध मोठ्या प्रवाहात पडतं आणि क्षणात पातळ होतं. पूर्णेला पूर आलेला असताना त्यात बादलीभर रंग ओतावा, तसं. आतडी कामच करत नसतील तर जेवणसुद्धा याच वाटेने देता येतं. फिलाडेल्फियात स्टॅनली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात बीगल जातीची कुत्र्याची पिल्लं तोंडाने एक घासही न देता फक्त महाशिरेतून पोसून वाढवली. पुढे तीच पद्धत जन्मतःच आतडं निकामी असलेल्या बाळासाठी वापरली.

या वाटेने पहिल्यांदा जो गेला, तो मात्र परवानगी न घेता गेला. बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड गावात १९२९ साली वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीच्या आसपासचा शिकाऊ डॉक्टर होता. त्या काळी हृदय बंद पडायला आलं की छातीतून थेट हृदयात सुई खुपसून औषध देत. हृदयाला भोक पाडण्यापेक्षा हाताच्या शिरेतून नळी सरकवत न्यावी, असं त्याच्या मनाने घेतलं. वरिष्ठांनी साफ नाही म्हटलं. निर्जंतुक हत्यारांच्या किल्ल्या ज्यांच्याकडे होत्या त्या सिस्टर गेर्डा डिट्झेन यांना त्याने पटवलं. त्या इतक्या पटल्या की प्रयोग माझ्यावरच करा म्हणाल्या. त्याने त्यांना टेबलावर बांधलं, आणि पाठ करून स्वतःच्या डाव्या कोपरापाशी चीर देऊन मूत्रमार्गासाठी वापरायची नळी आपल्याच शिरेत सरकवली, पासष्ट सेंटिमीटर. मग सिस्टरना सोडवलं, आणि नळी तशीच लोंबत असताना दोघं जिना उतरून क्ष-किरणाच्या खोलीत गेले. एक मित्र धावत येऊन नळी ओढून काढायला लागला, तेव्हा फोर्समानने त्याच्या नडगीवर लाथ मारली म्हणतात. फोटोत नळीचं टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात दिसत होतं.

बक्षीस म्हणून त्याला थट्टा मिळाली. बर्लिनच्या मोठ्या रुग्णालयातली जागा गेली. हृदय सोडून तो मूत्रविकारांकडे वळला. मधल्या काळात तो नाझी पक्षातही होता. धाडसी माणूस सगळीकडेच शहाणा असतो असं नाही. न्यूयॉर्कमध्ये कुर्नां आणि रिचर्ड्स यांनी त्याची वाट पुढे नेली आणि १९५६ साली तिघांना मिळून नोबेल मिळालं. तेव्हा हा एका छोट्या गावात मूत्रविकारांची प्रॅक्टिस करत होता.

प्रत्येक रुग्णाच्या हाताला चीर देत बसणं परवडणारं नव्हतं. ती गरज संपवली स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर या तरुण क्ष-किरणतज्ज्ञाने, १९५३ साली, आणि तीही धमन्यांचे फोटो काढायच्या खटपटीत. युक्ती अशी सोपी की ऐकल्यावर आपल्याला का सुचली नाही असं वाटावं. सुई आत, सुईतून तार आत, सुई बाहेर, तारेवरून नळी आत, तार बाहेर. घरात वायरिंग करणारा वायरमन भिंतीतल्या पाइपात आधी स्प्रिंग ढकलतो आणि तिच्या मागे वायर घेतो, तोच विचार. जाड नळीसाठी जाड सुई लागत नाही, एवढ्या एका गोष्टीने जगभरातल्या रुग्णांच्या अंगावरची चीर वाचली.

आज ही नळी टाकताना पाहिली तर सेल्डिंगरचाच क्रम दिसतो, फक्त आजूबाजूची तयारी वाढली आहे. रुग्णाला डोकं खाली, पाय वर असं निजवतात. मानेची शीर त्याने टरारते आणि हवा आत ओढली जाण्याचा धोका कमी होतो. मान डावीकडे वळवलेली, कारण पहिली पसंती उजव्या शिरेला. ती महाशिरेत जवळपास सरळ रेषेत उतरते. क्लोरहेक्सिडिनने कातडी घासून वाळू देतात. वाळू देणं महत्त्वाचं, आणि घाईत नेमकं तेच राहतं. मग डोक्यापासून पायांपर्यंत हिरवं कापड. त्या कापडाखाली माणूस जागा असतो, हे उभ्या असलेल्यांनी विसरू नये. काकांना त्या दिवसातलं काय आठवतं विचारलं, तर म्हणाले, “अंधार. अन् डॉक्टरचा कोपर.”

भूल दिली की सोनोग्राफीचा प्रोब मानेवर येतो. पडद्यावर दोन काळे गोल दिसतात. प्रोब दाबला की एक चपटा होतो, ती शीर. दुसरा दबत नाही, धडधडत राहतो, ती धमनी. चूक इथेच होते आणि इथेच टळते. सुई शिरेत गेली की सिरिंजमध्ये जांभळट, संथ रक्त येतं. लालभडक आणि उसळून आलं तर सुई काढून दाबून धरायचं. मग तार. तारेचं टोक जरा खोल जाऊन हृदयाला टेकलं की मॉनिटरवरचे ठोके वेडेवाकडे उमटतात. मुरलेला डॉक्टर पडद्याकडे न बघता आवाजावरूनच तार दोन बोटं मागे घेतो. नळी तारेवरून सरकताना तार हातातून सोडायची नाही, हा नियम शिकाऊ डॉक्टरांना इतक्या वेळा ऐकवला जातो की तो पाढ्यासारखा पाठ होतो. सोडली तर तारच आत जाते. शेवटी टाके, पट्टी आणि छातीचा एक्स-रे. टोक योग्य जागी आहे का आणि फुप्फुसाला टोचून छातीत हवा तर भरली नाही ना, हे त्यात कळतं.

गळपट्टीच्या हाडाखालूनही वाट आहे. अल्जिअर्समधल्या रोबेर ओबानियाक या फ्रेंच डॉक्टराने ती १९५२ मध्ये मांडली. रक्त वाहून गेलेल्या माणसाच्या बाकी शिरा मिटतात, पण ही शीर हाडाला तंतूंनी ताणून बांधलेली असते, ती उघडीच राहते. जखमी सैनिकांसाठी हे वरदान होतं. किडनीच्या रुग्णाला मात्र ही वाट शक्यतो वापरू नये. पुढे ती शीर आतून आवळते, त्या बाजूचा हात सुजतो आणि मग त्या हातावर डायलिसिससाठी केलेली धमनी-शिरेची जोडणी, म्हणजे फिस्टुला, टिकत नाही. तिसरी वाट जांघेतून. अगदी दम लागलेल्या, झोपताही न येणाऱ्या माणसाला तीच सोयीची पडते. तीन-चार दिवसांत ती काढायची असते.

नळी टाकायला अर्धा तास लागतो. ती सांभाळायची असते दिवसरात्र, आणि सगळा खेळ तिथे आहे. नाकातोंडातून, कातडीवरून, हातावरून जंतू येतच असतात. एरवी रक्तापर्यंत पोचायला त्यांना शरीराच्या किती भिंती ओलांडाव्या लागतात! इथे आपणच दार करून दिलेलं असतं. डायलिसिस सुरू झाल्यावर थोड्या वेळात हुडहुडी भरून ताप आला, तर जाणत्या सिस्टरचा पहिला संशय नळीवर जातो. नळीच्या आतल्या बाजूला चिकटलेले जंतू यंत्राच्या प्रवाहाबरोबर सुटून रक्तात गेलेले असतात. पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवण्याचा हा ताप नव्हे.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंत पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टराने एक साधा कागद चालू केला. हात धुवा, टोपी-मास्क-गाउन-मोठं कापड सगळं वापरा, क्लोरहेक्सिडिनने कातडी पुसा, जांघ टाळा आणि गरज संपली की नळी काढा. नवीन त्यात काहीच नव्हतं. तरी दर हजार नळी-दिवसांमागे २.७ असलेला संसर्गाचा मध्यक दर तीन महिन्यांत शून्यावर आला. २००६ साली हे आकडे प्रसिद्ध झाले. कागदापेक्षा मला त्याच्या मागची एक अट मोठी वाटते: डॉक्टरने पायरी गाळली, तर सिस्टरने त्याला तिथेच थांबवायचं. आपल्याकडे “सर, हात धुतले नाहीत तुम्ही” असं म्हणणारी सिस्टर आणि ते निमूट ऐकून घेणारे सर, ही जोडी अजून दुर्मीळ आहे. क्लोरहेक्सिडिन विकत मिळतं. ही जोडी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही.

शिवाय नळी दवाखान्यातून घरी जाते, आणि घर म्हणजे पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा. घामाने पट्टीची कड सुटते. डोक्यावरून पाणी घेऊन आंघोळ नाही, म्हणजे एकादशीच्या स्नानाची पंचाईत. बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र असतं आणि ते नेमकं टाक्यांत अडकतं. ते तेवढ्या दिवसांपुरतं लांब करून घ्या किंवा बाजूला ठेवा, हे सांगायला कुणाला तरी सुचावं लागतं. नातू कडेवर आला की त्याला पहिलं दिसतं ते लाल टोपण. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात रक्त गोठू नये म्हणून दोन्ही वाटांत हेपारिन भरून ठेवलेलं असतं, अगदी नळीत मावेल तेवढंच. म्हणून कुणी सलाइन लावायला किंवा रक्त काढायला ही नळी उघडू म्हणालं, तर रुग्णाने हात आडवा धरावा. ही नळी डायलिसिसवाल्यांची. बाकीच्यांनी टोपणाला बोट लावायचं नाही.

काढतानाही खबरदारी तीच. माणूस बसलेला असताना नळी ओढली आणि त्याने त्याच क्षणी श्वास घेतला, तर छातीतल्या ओढीने हवा शिरेत शिरू शकते. म्हणून आडवं निजवून, श्वास रोखायला सांगून, मग नळी काढून दाबून धरतात आणि हवा जाणार नाही अशी पट्टी लावतात.

आता काकांच्या प्रश्नाकडे. सूज आल्याशिवाय दवाखान्यात कोण जातं?

शेगावहून उत्तरेला निघालं की थोड्या वेळात पूर्णेचं खोरं लागतं. तिथला बुलढाणा, अकोला, अमरावती जिल्ह्यांत पसरलेला पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथात अकोलीच्या कोरड्या विहिरीला पाणी लागल्याची कथा आहे. शेगावात ती पोरासोरांना ठाऊक असते. खारपाणपट्ट्यातल्या माणसाचं दुखणं वेगळं. विहिरीला पाणी लागतं, पण तोंडाला लावता येत नाही. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. सातपुड्यातल्या वान धरणाचं गोडं पाणी नळाने खाली आणण्याच्या योजना त्यासाठीच झाल्या. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत किडनीच्या रुग्णांची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. दोष एकट्या पाण्यावर टाकला की सोपं जातं. पण मधुमेह आहे, न तपासलेला रक्तदाब आहे, उन्हात बारा तास राबताना अंगातलं आटणारं पाणी आहे, फवारणी आहे आणि अंग दुखलं की पानटपरीवर मिळणारी वेदनाशामक गोळी आहे. कुणाच्या किडनीत कशाचा वाटा किती, हे एकाएका रुग्णापुरतंच शोधावं लागतं.

किडनी दुखत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा दुर्गुण. दोन्ही किडन्या बऱ्याचशा निकामी होईपर्यंत माणूस नांगरतो, वेचणी करतो, वारीला जातो. मग पाय सुजतात, जेवण जात नाही, एका रात्री दम लागतो. त्या रात्री फिस्टुला करायला वेळ नसतो. फिस्टुला म्हणजे मनगटापाशी किंवा कोपरापाशी धमनी आणि शीर जोडून देणं. न्यूयॉर्कच्या ब्रेसिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. धमनीच्या जोराने शीर हळूहळू फुगते, जाड होते, वारंवार सुई सोसायला लागते. याला दीड-दोन महिने लागतात, कधी अधिक. काका त्याला हात पिकणं म्हणतात, आणि मला तरी याहून नेमका मराठी शब्द सुचत नाही. ज्याची किडनी उतरणीला लागल्याचं आधी कळलं, त्याचा हात आधी पिकवून ठेवता येतो. ज्याचं उशिरा कळलं, त्याच्या मानेत नळी येते. म्हणजे रेल्वेच्या डब्यात मानेला पट्टी दिसली, तर त्या माणसाच्या आजाराची तारीखच जणू वाचता येते.

आधी कळायला लागतं ते फार नाही: रक्तदाब, रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होणाऱ्या तपासण्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च बसतो, हे गावोगाव आता माहीत आहे. माहीत नसतं ते हे, की किडनी बिघडल्याचं कळल्या दिवसापासून कमी वापराचा हात, बहुतेकांचा डावा, राखायचा असतो. त्या हातात सलाइन नाही, त्या हातातून रक्त नाही, बीपीचा पट्टाही शक्यतो दुसऱ्या हाताला. ठणठणीत शिरा सलाइनींनी जाळून टाकल्यावर सर्जनने जोडायचं तरी काय? तापासाठी हौसेने चढवलेल्या बाटल्या असा हिशेब पुढे मागतात.

सगळ्यांचा हात पिकतोच असं नाही. म्हाताऱ्या, मधुमेही माणसाच्या शिरा कधी साथ देत नाहीत. मग छातीच्या कातडीखालून बोगदा काढून आणलेली पर्मकॅथ टाकतात. तिच्यावर कापडासारखा एक पट्टा असतो, शरीराचं मांस त्यात दोन-तीन आठवड्यांत रुजतं आणि जंतूंची वाट अडते. ही महिनोन्‌महिने चालते. कच्च्या नळीपेक्षा बरी, पिकलेल्या हातापेक्षा कमी.

पावसाळ्यात पुन्हा एकदा काका भेटले, परतीच्या गाडीला. दुपट्टा नव्हता. मानेवर एक फिकट वण राहिला होता, तांदळाएवढा. “निंगाली नयी,” म्हणाले, आणि डावा हात पुढे केला. “लावा बोट.” मनगटाच्या वर बोट ठेवलं तर कातडीखाली सतत थरथर होती, मोबाइल व्हायब्रेटवर ठेवल्यासारखी. “आता कान लावा.” भर डब्यात मी वाकलो आणि कान लावला. घूं घूं घूं, ठोक्यागणिक वर-खाली होणारा, न थांबणारा आवाज. रोज सकाळी उठल्याबरोबर ते तो ऐकतात. एक दिवस थांबला तर तडक अकोल्याला यायचं, असं सिस्टरने बजावलं आहे.

शेगाव आलं. फलाटावर कचोरीवाल्यांची गर्दी खिडक्यांशी धावली. काकांनी एकदा तिकडे पाहिलं, मिठाचा हिशेब मनात केला असावा, आणि डावा हात छातीशी धरून, उजव्याने दांडी पकडत, सावकाश उतरले.